गिझर बदलायच्या आधी जरा थांब

भावा, गिझर कडकड वाजतोय आणि पाणी कोमटच येतंय म्हणून लगेच नवा आणू नकोस. तुमच्याकडं बोअरचं पाणी आहे ना? मग कॉइलवर क्षारांचा थर बसला असणार. मेन बंद करून, टाकी रिकामी करून जाणत्या माणसाकडून कॉइल साफ करून घे. मॅग्नेशियमचा रॉडही बघायला सांग. तो स्वतः झिजतो आणि टाकीला गंजापासून वाचवतो. मी माझ्या पहिल्या गिझरचा रॉड कधी बदललाच नाही, शेवटी टाकी तळातून गळाली. टाकी गळत असेल तर मात्र नवाच घे.

२ किलोवॅटचा गिझर साधारण ९ अँपिअर घेतो, म्हणून १६ अँपिअरचाच सॉकेट बसव. आणि अर्थिंग! पेठेतल्या जुन्या घरांत प्लगला तिसरं भोक असतं, पण कधीकधी त्यामागं वायरच नसते. ते तपासल्याशिवाय घरातल्या कुणालाही अंघोळीला पाठवू नकोस, हात जोडून सांगतो. सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकला तर त्याचं तोंड बुजवू नकोस, वाढलेला दाब तिथूनच निघतो. थर्मोस्टॅट ६० अंशांवर पुरे. १५ लिटर पाणी तेवढं तापायला १८-२० मिनिटं लागतात.

आजीचा तांब्याचा बंब मात्र मोडीत घालू नकोस.