वेल इंग्लंडात, फोडणी सोलापुरी

प्रश्न: सहा वर्षांच्या लेकीला इथे इंग्लंडात शाळेतून रनर बीनच्या, म्हणजे श्रावणघेवड्याच्या जातभाई वेलीच्या, बिया मिळाल्यात. जुळे सोलापुरातले तिचे आजी-आजोबा म्हणतात, दोन आम्हालाही पाठवा, कॉलवर दोन्ही वेली बघू. पाठवू का?

उत्तर: ताई, बिया परसात जरूर टोका, सोलापूरला मात्र पाठवू नका. भारतात बियाणं आणायला आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. शिवाय ही वेल मेक्सिको-मध्य अमेरिकेच्या थंड डोंगराळ मुलखातली. उकाडा फार झाला की फुलं गळतात, शेंग धरत नाही. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 च्या वर! आजींनी त्यापेक्षा पावसाळ्यात कुंपणाला वाल लावावा. दिवस लहान झाले की तो फुलतो, भोगीच्या भाजीला शेंगा घरच्या मिळतात. तोवर लेकीची वेल थंडीने गेलेली असेल, पण त्याने काय बिघडतं? एकीची गंमत संपली की दुसरीची सुरू.

एक बी काचेच्या बरणीत, ओल्या कागदाला टेकवून ठेवा. श्रावणघेवड्याच्या डाळी मातीतून वर येतात, हिच्या खालीच राहतात. हे पोरांना दाखवण्यासारखं आहे. बाकीच्या बिया रात्रीचा गारठा सरल्यावर, मेअखेरीस, 5 सेंटीमीटर खोल लावा. आठ फुटी काठ्या वर एकत्र बांधल्या की आत बसायला खोपटं होतं; पोरांचा जीव भाजीपेक्षा त्यातच रमणार, रमू द्या. कोवळ्या रोपांवर गोगलगायी तुटून पडतात, तेवढं बघा. फुलं लागल्यावर पाणी तोडू नका. तोडणी लेकीकडे द्या: दर दोन-तीन दिवसांनी, शेंग वीतभर असतानाच. निबर शेंगा वेलीवर राहिल्या की नवीन धरायच्या थांबतात.

मटारसारखी कच्ची शेंग तोंडात टाकू देऊ नका. कच्च्या बीनमधल्या, विशेषतः बियांमधल्या, लेक्टिन या विषारी द्रव्यामुळे उलट्या होतात. बी जांभळं, ठिपक्यांचं, इतकं देखणं की पोरं चाखणारच, म्हणून आधीच बजावा.

भाजीसाठी शेंगांच्या दोन्ही कडांच्या शिरा काढून त्या तिरप्या चिरा, मिठाच्या पाण्यात मऊ होईतो उकडा. मग मोहरी-जिरं, ठेचलेला लसूण, बेताचं काळं तिखट आणि सढळ हाताने शेंगदाण्याचा कूट. लसूण जळू देऊ नका, बाकी चुकण्यासारखं काही नाही. कूट संपला असेल तर गावाहून आलेली शेंगाचटणी वरून भुरभुरा, भाकरीशी झकास लागते. लेकीने दोनच घास खाल्ले तरी मागे लागू नका. तिने तोडलेल्या शेंगांची भाजी आहे, एवढं मात्र ताटावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाऊ द्या.

शेवटच्या काही शेंगा वेलीवरच वाळू द्या, पुढच्या वर्षीचं बी होईल. त्यातलं खायचं असेल तर रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळून उकळा आणि मगच शिजवा. स्लो कुकरमध्ये थेट टाकू नका, त्या मंद आचेवर लेक्टिन मरत नाही.