सा कुठं गेला, ते आधी ऐक

बाबू, परवा तू विचारलंस, पांढरी एकवरून (सी पट्टीतून) पांढरी पाचवर (जी पट्टीत) गाणं कसं न्यायचं. कीबोर्डचं ट्रान्स्पोजचं, म्हणजे आपोआप पट्टी बदलणारं, बटण सध्या विसर. नागपूरच्या महाल भागात एका गणपतीच्या कार्यक्रमात मी ते कडव्याच्या मधोमध दाबलं होतं. गायक जुन्याच पट्टीत, मी नव्या. पुढचं काय सांगू!

दोन्ही पट्ट्यांत चालणारा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, शोध. ए मायनर हा सी मेजरमध्ये सहावा, जी मेजरमध्ये दुसरा. सी, ए मायनर, डी सेव्हन, जी असं सावकाश वाजव. डी सेव्हनमध्ये काळी तीन (एफ शार्प) येते ना, तिथं कान दे. सी धरला तर ती तीव्र मध्यम, जी धरला तर शुद्ध निषाद. निषाद म्हणून ती वरच्या सा कडे ओढते, आणि पट्टी बदलते.

आता तीच काळी तीन घे, पण डाव्या हातात सी दाबून ठेव. पट्टी हलत नाही, फक्त थाट, म्हणजे सात स्वरांचा साचा, बिलावलचा कल्याण होतो. पाश्चात्त्य भाषेत लिडियन मोड. स्वर जी मेजरचेच सात, फरक फक्त सा कुठं बसलाय याचा.

मूर्च्छनाही, म्हणजे त्याच स्वरांत दुसऱ्या स्वराला सा मानणं, करून पाहा. भूप रागाच्या गंधाराला सा मानलास की मालकंसाचे स्वर मिळतात, पंचमाला मानलास की दुर्गाचे. मला स्वतःला हे पुस्तकातून कधीच कळलं नाही, तानपुऱ्याच्या ॲपवर सा बदलत बसलो तेव्हा कळलं.

रविवारी धरमपेठेत ये, तर्री पोहे खाऊन बसू. पेटी तुझीच आण, माझ्या पेटीचा भाता फाटलाय.