फिनाईलने धुऊनही पिल्लं का दगावतायत?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: तुमच्या शेल्टरमध्ये तीन आठवड्यांत मांजरांची नऊ पिल्लं गेली, बहुतेक दीड ते तीन महिन्यांची. एक दिवस खेळणं बंद, मग उलट्या, मग जुलाब, दोन-तीन दिवसांत खेळ खलास. फरशी रोज दोनदा फिनाईलने पुसता. लस आठ आठवडे भरल्यावर आणि पिल्लू 'जरा सावरलं की' देता. आणि तुम्हाला हवंय ते हे, की नवीन आलेल्यांपैकी रोग घेऊन कोण आलंय ते दारातच कसं ओळखायचं.

ओळखता येत नाही. ही लक्षणं मांजरांच्या पार्वोची, म्हणजे पॅनल्युकोपेनिया या विषाणूमुळे होणाऱ्या आजाराची वाटतात. खात्री डॉक्टरच करतील. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत कधी दोन-तीन दिवस, कधी दहा दिवसही जातात, आणि लक्षणं दिसण्याआधीच विषाणू शीतून बाहेर पडायला लागलेला असतो. दारात पिल्लू टुणटुणीत असतं. आणणारं एखादंच असतं, बाकीच्यांपर्यंत पोचवतो ते आपण. हे मी दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवून म्हणत नाहीये.

आमच्याकडे एक वजनकाटा होता, वर प्लॅस्टिकची टोपली. रोज सकाळी प्रत्येक पिल्लाचं वजन करायचं, दोन पिल्लांच्या मधे टोपलीवर सॅनिटायझर फवारायचा, टिश्यूने पुसायचं, आकडा वहीत. फार अभिमान होता मला त्या वहीचा. साथ आली तेव्हा एका रात्री तीच वही उघडून बसले आणि दिसलं की ज्या क्रमाने वजनं लिहिली होती, जवळजवळ त्याच क्रमाने पिल्लं आजारी पडत गेली होती. टोपली एकच, आणि माझ्या मांडीवरचा टॉवेलही एकच.

सॅनिटायझरमधलं अल्कोहोल विषाणूचं चरबीचं आवरण मोडतं. पार्वोला ते आवरणच नसतं. म्हणून तो इतका चिवट, खोलीत वर्षभरसुद्धा टिकून राहतो. फिनाईलचाही त्याच्यावर भरवसा नाही, शिवाय ते मांजरांना विषारी आहे: त्यांच्या यकृताला ही रसायनं नीट निचरता येत नाहीत आणि फरशीवरून चालून ती पंजे चाटतात. आजच बंद करा. वासाने स्वच्छता झाल्यासारखी वाटते, एवढंच.

त्याजागी साधं ब्लीच. ५ ते ६ टक्क्यांचं असेल तर लिटरभर पाण्यात ३० मिली, द्रावण रोज ताजं. पण आधी साबणाच्या पाण्याने शी, केस, सांडलेलं खाणं घासून काढायचं, कारण घाणीत ब्लीच मरतं. मग द्रावण लावून पूर्ण १० मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग धुऊन कोरडं करायचं. सगळे चुकतात ते इथेच: लावलं की लगेच पुसतात. पिल्लू आत असताना फवारायचं नाही, दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळायचं नाही. चरे पडलेले प्लॅस्टिकचे ट्रे, लाकडी फळ्या, कार्पेट हे धुत बसू नका, टाकून द्या.

आता लस. घरातल्या एकुलत्या पिल्लासाठी आठ आठवडे थांबणं ठीक. शेल्टरमध्ये थांबायचं नाही. चार आठवड्यांच्या वरचं प्रत्येक पिल्लू आल्याबरोबर, खोलीत नेण्याआधी टोचलं पाहिजे, आणि मग दर दोन आठवड्यांनी, वीस आठवड्यांचं होईपर्यंत. इतक्या वेळा कशाला? आईच्या दुधातून आलेल्या प्रतिपिंडांमुळे लस वाया जाऊ शकते. ती प्रतिपिंडं कुठल्या पिल्लाची कधी उतरतील ते बाहेरून कळत नाही, एका वेतातल्या भावंडांतही फरक असतो. ती उतरल्यावर आणि लागण होण्याआधी जी फट मिळते, तिच्यात आपण एक तरी डोस बसवायचा प्रयत्न करत असतो. लस जिवंत, कमजोर केलेल्या विषाणूची घ्या, ती काही दिवसांत काम सुरू करते. मेलेल्या विषाणूच्या लशीला दोन डोस आणि आठवडे लागतात, साथीत तेवढा वेळ नसतो. गाभण मांजरीला आणि चार आठवड्यांखालच्या पिल्लाला मात्र जिवंत लस नको, पिल्लांच्या मेंदूचा तोल सांभाळणारा भाग खुरटू शकतो. शिंकतंय किंवा जंत आहेत म्हणून लस पुढे ढकलणं ही तुमची 'सावरू दे'वाली सवय सोडा. फार आजारी असेल तर डॉक्टर सांगतील तसं.

कामाचा क्रम ठरवून टाका: आधी निरोगी लहान पिल्लं, मग मोठी मांजरं, मग नव्याने आलेली, शेवटी आजारी. आजाऱ्यांच्या खोलीतून परत मागे यायचं नाही, काही विसरलं असेल तरी. त्या खोलीचा झाडू, वाट्या, चपला, अंगावरचा डगला तिथेच. दर वेताला वेगळे हातमोजे. दोन वेतं एकत्र करायची नाहीत, 'बिचारं एकटं आहे' म्हणूनसुद्धा नाही. मला हे अजूनही जड जातं.

निदानासाठी कुत्र्यांच्या पार्वोचं किट मांजराच्या शीवरही चालतं. पॉझिटिव्ह आलं तर सहसा खरं धरा, नुकत्याच टोचलेल्या पिल्लात क्वचित फिकी रेघ येऊ शकते. निगेटिव्ह आलं आणि पिल्लू मात्र पाण्याच्या वाटीवर मान टाकून, पाणी न पिता बसलंय, तर किटवर नाही, पिल्लावर विश्वास ठेवा आणि वेगळं काढा.

शिंका-डोळ्यांचे आजार, म्हणजे हर्पिस आणि कॅलिसी या विषाणूंचे, हा वेगळा विषय. त्यात गर्दी आणि ताण हे खरे गुन्हेगार. हर्पिस एकदा शिरला की अंगात दडून राहतो आणि ताण आला की डोकं वर काढतो. त्यामुळे पिंजरे दर दोन दिवसांनी बदलत बसू नका आणि पिंजऱ्यांची तोंडं समोरासमोर ठेवू नका. कॅलिसीवरही सॅनिटायझरचा भरवसा नाही.

जमेल तेवढी पिल्लं शेल्टरमध्ये ठेवूच नका. लस झालेली मोठी मांजरं असलेलं किंवा मांजर नसलेलं तात्पुरतं घर कुठल्याही स्वच्छ खोलीपेक्षा बरं. फक्त जिथे आधी पार्वो झालाय ते घर नको.

तुमच्याकडे उरलेली सहा पिल्लं आज दत्तक देऊ नका, कितीही फोन येवोत. १४ दिवस मोजा, आणि त्या गटात नवीन एक जरी आजारी पडलं तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. तोवर नवीन पिल्लं त्या खोलीत नाहीत, दुसरी खोली नसेल तर प्रवेशच बंद. आणि वजन करायचंच असेल तर दर वेताची टोपली वेगळी ठेवा, वर नाव लिहून.