मोठ्या संख्येचे अवयव पाडताना घाई करू नका

१,२३,४५,६७,८९० सारखी संख्या हाती आली की नवशिक्या माणसाचा हात लगेच संगणकाकडे जातो. माझा सल्ला असा की, निदान पहिल्या वेळी तरी आपण कागदच घ्यावा. शेवटचा अंक शून्य असल्यामुळे २ आणि ५ हे अवयव उघड आहेत, तर अंकांची बेरीज ४५ असल्यामुळे ९ नेही भाग जातो. ९० ने भागल्यावर १,३७,१७,४२१ उरतात आणि खरी कसोटी इथे सुरू होते.

या संख्येचे वर्गमूळ ३७०३ च्या किंचित पुढे आहे. एकेका मूळ संख्येने भागत गेलात, तर पाचशेहून अधिक भागाकार करूनच पहिला अवयव हाती लागेल. त्याऐवजी फर्मा या गणितज्ञाची रीत वापरून पाहावी : वर्गमूळाच्या लगतची मोठी पूर्ण संख्या घ्यायची, तिच्या वर्गातून दिलेली संख्या वजा करायची आणि बाकी पूर्ण वर्ग आहे का, ते पाहायचे. ३७०४ घेतल्यास २१९५ उरतात, जो पूर्ण वर्ग नाही. ३७०५ घेतल्यास मात्र ९६०४, म्हणजे ९८ चा वर्ग, मिळतो. दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या दोन संख्यांची वजाबाकी गुणिले बेरीज, म्हणून अवयव ३७०५ − ९८ आणि ३७०५ + ९८, अर्थात ३६०७ आणि ३८०३. (दुसऱ्याच प्रयत्नात उत्तर मिळाले, हे आपले नशीब; अवयव एकमेकांपासून दूर असले, तर हीच रीत फार रखडते.)

हे दोन्ही अवयव मूळ संख्या आहेत, याची खात्री ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून स्वतः करावी. त्यानंतर २ × ३² × ५ × ३६०७ × ३८०३ या मांडणीतील घातांकांत एकेक मिळवून गुणाकार केला, की सुरुवातीच्या संख्येचे एकूण विभाजक ४८ येतात.