मुलांना सोबत घेऊन घरच्या घरी हॅलोविनची सजावट कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच न्यू जर्सीला राहायला आलात, मुलं सात आणि चार वर्षांची आहेत, शेजारच्या अंगणांत सांगाडे उभे राहिलेत आणि तुम्हालाही काहीतरी करायचंय, पण दुकानातली प्लास्टिकची भुतं आणायची नाहीत. आम्ही इथे बरीच वर्षं आहोत आणि ऑक्टोबर आला की हा उद्योग घरातले सगळे मिळून करतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे ध्यानात घ्या की हॅलोविनला, म्हणजे 31 ऑक्टोबरला, इथे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. वेश करून दारोदार कँडी मागत फिरणारी बरीचशी पोरं त्यानंतर येतात. म्हणजे तुमची सजावट लोक बघणार ती अंधारात, रस्त्यावरून, जाता जाता. बारीक नक्षी, चमकी, रंगवलेले डोळे यातलं काही दिसत नाही. दिसतो तो उजेड आणि उजेडापुढची काळी आकृती. लहानपणी आकाशकंदील केला असेल तर निम्मं काम तुम्हाला येतंच.

म्हणून सुरुवात खिडकीपासून करा. काचेला आतून नारिंगी जिलेटीन पेपर लावायचा, त्यावर काळ्या कार्डपेपरची वटवाघळं आणि मांजर चिकटवायची आणि मागे खोलीतला दिवा चालू ठेवायचा. धाकट्याचे दोन्ही पंजे, बोटं फाकवून, काळ्या कागदावर गिरवा. ते कापून मधे एक लंबगोल जोडला की पंख पसरलेलं वटवाघूळ तयार होतं. मुलं पुढच्या वर्षी त्यावर हात ठेवून बघतात आणि हात किती वाढला ते आपल्याला दाखवायला येतात. ही वटवाघळं फाइलमध्ये नीट राहतात, टाकू नका.

भूत करायचं तर खळ करा. हो, आपली आजी सुती लुगड्यांना करायची तीच. कॉर्नस्टार्च थंड पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडायचं आणि दाट होईपर्यंत ढवळायचं. किराणा दुकानात चीजक्लॉथ नावाचं विरळ सुती कापड मिळतं, त्याचा चौकोन कोमट खळीत बुडवून हलकेच पिळायचा. बाटलीच्या तोंडावर छोटा फुगा बसवून, हातांसाठी बाटलीला तार गुंडाळून, त्यावर तो पांघरायचा. खाली मेणकागद ठेवा, नाहीतर कापड टेबलाला चिकटतं. रात्रभर वाळलं की फुगा फोडून बाटली काढून घ्या, भूत आपलं आपण उभं राहतं. आत बॅटरीची मेणबत्ती ठेवली की कापडाच्या चुण्या उजळतात. फक्त ते छपराखाली ठेवा, पावसात खळ मऊ पडते.

आता भोपळा. यासाठी एक अख्खी दुपार राखून ठेवा. कोरायला विकतात तो मोठा भोपळा आणि खायचा छोटा पाय पम्पकिन, असे दोन्ही आणा. मोठ्याचा गर पाणचट आणि बेचव असतो, त्याच्या घाऱ्या करायला जाऊ नका, त्या छोट्याच्या करा. मोठा मात्र शेवटच्या दोन-तीन दिवसांतच कापा. कापलेला भोपळा उबदार हवेत लवकर बुरशी धरतो आणि इथल्या खारी तो कुरतडून टाकतात. मुलांना तेवढा धीर नसेल तर आधी एखादा न कापता रंगवायला द्या.

झाकण देठाभोवती सुरी तिरकी धरून कापा. सरळ कापलं तर ते आत पडतं. बिया आणि धागे काढायचं काम पूर्ण मुलांचं. धाकटा कोपरापर्यंत हात घालेल, घालू द्या. मग जाड चमच्याने पुढची भिंत आतून खरवडून साधारण एक इंच जाडीची करा. हा भाग बहुतेक लोक उरकून टाकतात, पण उजेड बाहेर कसा पडतो ते त्यावरच ठरतं. चेहरा कागदावर मोठ्या मुलाला काढू दे, तो चिकटपट्टीने भोपळ्यावर लावा आणि रेषेवरून टाचणीने टोचत जा. टोचायचं काम सात वर्षांच्या मुलाला छान जमतं. कापणं मोठ्यांनीच करायचं, तेही कोरायच्या छोट्या करवतीने. स्वयंपाकाची सुरी घसरते. आत खरी मेणबत्ती नको, पोरांचे झगे भोपळ्याला घासत जातात.

बिया धुऊन, कोरड्या करून, थोडं तेल, मीठ, तिखट आणि जिरेपूड लावून 325 फॅरनहाइटला वीसेक मिनिटं भाजा. मधे एकदा हलवा.

गावाकडून आजी-आजोबा आलेले असतील तर घरात ही भुतंखेतं कशाला, असं त्यांना वाटू शकतं आणि ते मला पटतं. त्यांना याचं मूळ सांगा. आयर्लंडमध्ये सुगी संपून हिवाळा सुरू होताना साऊन नावाचा सण असे. त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे येतात, अशी समजूत होती. तिथे लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक अमेरिकेत आले आणि सलगमाच्या जागी इथला मोठा, कोरायला सोपा भोपळा आला. पितृपक्ष पाळणाऱ्या माणसाला हे परकं वाटत नाही. चार वर्षांच्या मुलासाठीही रक्त, तुटलेले हात वगैरे टाळाच.

झुडपांवर पसरायची ती कृत्रिम कोळिष्टकं बाहेर लावू नका, त्यात पक्षी अडकतात. जाड पांढऱ्या सुतळीचं जाळं विणा, ते रस्त्यावरून दिसतंही जास्त चांगलं. एखादा भोपळा हिरवट निळ्या रंगाने रंगवून दारात ठेवला तर या घरी खाऊशिवाय दुसरी भेटही मिळते, अशी ती खूण असते. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी ही प्रथा 2014 पासून देशभर पसरली. पेन्सिली, स्टिकर असं काही जवळ ठेवा.

आणि 30 तारखेच्या रात्री सगळे भोपळे घरात घ्या. न्यू जर्सीत ती ‘मिस्चिफ नाइट’, मोठी पोरं अंडी फेकत आणि भोपळे फोडत हिंडतात. सण झाला की कोरलेला भोपळा कंपोस्टमध्ये घाला. रंगवलेला मात्र त्यात नको.