सगळ्या युजर्ससाठी लॉगिनचे डिफॉल्ट्स कुठे टाकायचे? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: कॉलेजच्या लॅबमध्ये रॉकी लिनक्सचा एकच सर्व्हर आहे, सगळी मुलं त्यावर लॉगिन करतात. जावाचा पाथ आणि प्रॉक्सी सगळ्यांना मिळावी म्हणून मी लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या /ईटीसी/प्रोफाइल या फाइलच्या शेवटी चार ओळी टाकल्या. चालतंय, पण अपडेटनंतर शेजारी .आरपीएमन्यू नावाची फाइल आलीय. मी चुकीच्या जागी टाकलं का?

चालतंय ते ठीक, पण ती फाइल डिस्ट्रोची (म्हणजे रॉकी लिनक्सची) आहे, तुमची नाही, म्हणून तर अपडेटने नवी आवृत्ती शेजारी ठेवून दिली आणि आता दोन्ही ताडून बघायचं काम तुमच्या गळ्यात पडलं. तुमच्या चार ओळी तिथून काढा आणि /ईटीसी/प्रोफाइल.डी या फोल्डरमध्ये स्वतःची फाइल करा, नाव काहीही द्या पण शेवटी .एसएच हवं, मालक रूट आणि परमिशन ६४४. एक्झिक्यूट बिट लागत नाही, कारण ती फाइल वेगळा प्रोग्राम म्हणून चालतच नाही, लॉगिन करणाऱ्याच्या शेलमध्येच (कमांड घेऊन चालवणाऱ्या प्रोग्राममध्येच) ओळ न् ओळ वाचली जाते.

आणि धोका नेमका इथेच आहे. तुम्ही सवयीने त्या फाइलमध्ये ‘एक्झिट’ लिहिलंत तर फाइल संपत नाही, समोरच्याचं लॉगिनच संपतं, पासवर्ड बरोबर असूनही आत आला की लगेच बाहेर. तिथे ‘रिटर्न’ लिहायचं. ‘सेट -ई’ (एखादी कमांड फसली की शेल बंद कर) तर त्याहून वाईट, लॉगिन नीट होतं, मग मुलाने शोधायला ग्रेप मारला, काही सापडलं नाही, की सेशन बंद, आणि तो बिचारा नेटवर्कला दोष देत बसतो. सेव्ह केल्यावर ‘बॅश -एन’ने फाइल तपासा, पण त्यात फक्त सिंटॅक्सच्या चुका कळतात, असला ‘एक्झिट’ कळत नाही. त्यामुळे रूटचं एक सेशन उघडंच ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून साध्या युजरने नव्याने लॉगिन करून बघा. तरीही अडकलातच तर त्याच उघड्या रूट सेशनमधून ती फाइल दुरुस्त करा नाहीतर काढून टाका.

प्रश्न: उबुंटू डेस्कटॉपवर प्रोफाइल.डी मध्ये एलियस (कमांडची टोपणनावं) टाकले. एसएसएचने आलं की मिळतात, डेस्कटॉपवरच्या टर्मिनलमध्ये मिळत नाहीत. असं का?

कारण डेस्कटॉपचं टर्मिनल लॉगिन शेल (लॉगिन करताना सुरू होणारा, प्रोफाइल वाचणारा शेल) उघडत नाही. ‘एको $०’ करून बघा, समोर ‘-बॅश’ असं डॅशसकट आलं तर लॉगिन शेल, नुसतं ‘बॅश’ आलं तर नाही. एक्सपोर्ट केलेले व्हेरिएबल वरच्या प्रोसेसकडून खाली येतात, एलियस मात्र येत नाहीत, ते प्रत्येक शेलला नव्याने सांगावे लागतात. म्हणून व्हेरिएबल प्रोफाइल.डी मध्ये राहू द्या आणि एलियस /ईटीसी/बॅश.बॅशआरसी मध्ये टाका. रेड हॅटच्या घराण्यात (रॉकीही त्यातलंच) हा त्रास सहसा होत नाही, तिथली /ईटीसी/बॅशआरसी नॉन-लॉगिन शेलसाठीही प्रोफाइल.डी वाचते. तिकडचा सल्ला इकडे लागू पडत नाही तो यामुळेच.

प्रश्न: हाताने चालवलं की स्क्रिप्ट चालते, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेतून) ‘कमांड नॉट फाउंड’ येतं.

क्रॉन प्रोफाइल वाचत नाही, विषय संपला. पाथ क्रॉनटॅबच्या वरच्या ओळीत लिहा नाहीतर स्क्रिप्टमध्येच पूर्ण पाथ द्या.

प्रश्न: एकाची फाइल दुसऱ्याला दिसू नये म्हणून प्रोफाइलमध्ये यूमास्क (नव्या फाइलच्या परमिशनमधून काय वजा करायचं ते) ०२७ केलं. एसएफटीपीने (एसएसएचवरून फाइल पाठवण्याच्या सोयीने) टाकलेल्या फाइल्स तरीही सगळ्यांना वाचता येतात.

०२७ म्हणजे नव्या फाइलला ६४० आणि नव्या फोल्डरला ७५०, हिशोब बरोबर आहे. पण एसएफटीपीमध्ये लॉगिन शेल नसतो, मग तुमची ओळ वाचणार कोण? यूमास्क पॅमच्या (लॉगिन तपासून सेशन उघडणाऱ्या यंत्रणेच्या) पातळीवर लावा, पॅम_यूमास्क हे मॉड्यूल /ईटीसी/लॉगिन.डेफ्समधली किंमत उचलतं, आणि एसएफटीपीसाठी एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये सबसिस्टिमच्या ओळीत ‘-यू ०२७’ जोडा. डेबियन-उबुंटूवर ०२७ ठेवूनही ००७ दिसलं तर घाबरू नका, युजरचा स्वतःच्याच नावाचा ग्रुप असला की पॅम ग्रुपलाही मालकाइतके हक्क देतं. जुन्या फाइल्स मात्र यातल्या कशानेही बदलणार नाहीत, त्यांना सीएचमॉड करावं लागेल. नव्या युजरच्या होमचा नमुना असलेल्या /ईटीसी/स्केल फोल्डरचंही तसंच, तिथलं सामान होम फोल्डर तयार होतानाच कॉपी होतं, आज तिथे काही टाकलंत तर कालच्या युजरला ते मिळत नाही.

प्रश्न: ऑडिटरने सांगितलंय की १५ मिनिटं काही केलं नाही तर लॉगआउट व्हायला पाहिजे. टीएमआउट (किती सेकंद रिकामा राहिला की शेल बंद व्हावा ते सांगणारं व्हेरिएबल) ९०० करून रीडओन्ली केलं. एवढं पुरेल?

ऑडिटच्या यादीत टिक होईल, पण पुरेल असं मी म्हणणार नाही. टीएमआउट फक्त प्रॉम्प्टवर शेल वाट बघत असताना मोजलं जातं, कोणी व्हिम किंवा टॉप उघडा ठेवून जेवायला गेला तर सेशन आरामात चालू राहतं. आणि रीडओन्ली म्हणजे फक्त त्या शेलपुरतं, ज्याला पळवाट हवीय तो एका कमांडने दुसरा शेल उघडून तिथे टीएमआउट काढून टाकतो. प्रोफाइलमधलं सगळंच असं आहे, युजर त्याच्या सेशनमध्ये ते बदलू शकतो, म्हणून सोयीच्या गोष्टी तिथे जरूर ठेवा पण सुरक्षेचा भार त्यावर टाकू नका. प्रोसेस किती, उघड्या फाइल्स किती, अशा मर्यादा पक्क्या हव्या असतील तर /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ मध्ये हार्ड लिमिट लावा, ती साध्या युजरला कमी करता येते, वाढवता येत नाही.