फ्लुइडाइज्ड बेडच्या सिम्युलेशनमध्ये प्रेशर ड्रॉप जुळतो, पण बेड फार फुगतो. मॉडेल बरोबर मानायचं का?

तुम्ही पुण्यात एम.टेक. करताय, 75 मायक्रॉनच्या कॅटलिस्ट पावडरचा फ्लुइडाइज्ड बेड (खालून हवा सोडून तरंगता ठेवलेला थर) टू-फ्लुइड मॉडेलने, म्हणजे गॅस आणि कण दोन्ही प्रवाही मानून सोडवलाय, हवेचा वेग 0.1 मी./से., मेश (गणितासाठी पाडलेल्या सेलचा आकार) 5 मिमी. बेड प्रयोगापेक्षा खूप वर चढतो, तरी गाईड म्हणतात की प्रेशर ड्रॉप (बेडच्या खालच्या आणि वरच्या दाबातला फरक) जुळला, आता पुढे चला.

माझं ऐकाल तर इथेच थांबा. बेड एकदा फ्लुइडाइज झाला की प्रेशर ड्रॉप म्हणजे पावडरचं वजन भागिले कॉलमचं क्षेत्रफळ. घनता 1500 किलो प्रति घनमीटर, बेड 50 सेमी, त्यात कण 55 टक्के धरा. ड्रॅगचं, म्हणजे गॅस कणांना ओढतो त्या बलाचं, सूत्र कुठलंही लावा, 4000 पास्कलच्या आसपासच आकडा येणार. तो जुळला यावरून एवढंच कळतं की पावडर कुठे गळालेली नाही.

माझा संशय मेशवर आहे. तुमची पावडर गेल्डार्टच्या 1973च्या वर्गीकरणात ए गटात बसते. असे बारीक कण घोळक्याने फिरतात आणि गॅस मधल्या फटींतून निसटतो. पालखीच्या दिवशी दिंड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून आपण झपझप पुढे जातो, तसंच. 5 मिमीच्या सेलला हे घोळके दिसतच नाहीत. त्याच्या लेखी कण सगळीकडे सारखे पसरलेले, म्हणून ड्रॅग अवाच्या सवा येतो आणि बेड वर ढकलला जातो.

मेश कणाच्या दहापट, म्हणजे 0.75 मिमी ठेवायची म्हटली तर 10 सेमी चौरस, 1 मीटर उंच कॉलमला दोन कोटींहून जास्त सेल लागतील. आयसरच्या परम ब्रह्म सुपरकॉम्प्युटरवर वेळ मिळाला तरी एम.टेक.च्या मुदतीत ते बसवणं अवघड. त्यात टाइम स्टेपही बारीक घ्यावी लागते.

म्हणून आधी 2 सेमीचा छोटा तुकडा घ्या, सगळ्या बाजू पिरियॉडिक ठेवा (एका बाजूने बाहेर गेलेलं समोरून परत आत येतं), कणांचं वजन पेलेल एवढा प्रेशर ग्रेडियंट द्या. मेश 5, 2, 1, 0.75 मिमी अशी बारीक करत गॅस आणि कणांच्या सरासरी वेगातला फरक नोंदवा. सुरुवातीचे काही सेकंद सरासरीत धरू नका. मेश बारीक होईल तसा हा फरक वाढत गेला, तर दोष मेशचाच. मग मोठ्या कॉलमला ईएमएमएस किंवा फिल्टर्ड ड्रॅग लावा, म्हणजे न दिसणाऱ्या घोळक्यांचा हिशेब धरणारी ड्रॅगची सूत्रं. उंची जुळेपर्यंत ड्रॅगला मनाला येईल त्या आकड्याने गुणणं मात्र कृपा करून टाळा. वेग बदलला की तो आकडा टिकत नाही.

तुलनेसाठी बेडची उंची आणि प्रेशरचे चढउतार, दोन्ही घ्या.